पांढरी सोलकढी

माझ्या उजव्या हाताची बोटं कधीच स्वच्छ नसतात. नखांच्या कडेला निळं, त्याखाली गुलाबी आणि अंगठ्यावर काळा डाग. हळदीकुंकवाला गेले की बायका आधी हात धरतात आणि मग विचारतात, "अहो, हे काय लागलंय?" मी म्हणते, शाई. त्यांना वाटतं मी शिक्षिका असणार. प्रिंटर दुरुस्त करते असं सांगितलं की हात सोडून म्हणतात, "अय्या, आमचाही बंदच पडलाय!" आजवर एकही हळदीकुंकू असं झालं नाही, जिथून वाणाबरोबर मी एखादा प्रिंटर घेऊन आले नाही.

फोनवर मात्र पहिला प्रश्न ठरलेला असे. "मेकॅनिक कधी येतील?"

"मेकॅनिकच बोलतेय."

पलीकडून आधी नाव पुन्हा विचारलं जाई. मग "बरं बरं, या," असं काहीतरी. मी आधी एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते, पुढे स्वतःचं सुरू केलं. गिरगावपासून परळपर्यंत पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरले. आता गुडघे संपावर गेलेत, म्हणून लिफ्ट असेल तिथेच जाते. बाकी शाईच्या प्रिंटरबद्दल माझं प्रेम तसंच आहे, आणि लोकांबद्दलचा वैतागही.

वैताग अशासाठी, की आपली माणसं वस्तू वापरत नाहीत, जपतात. मी नेहमी विचारते, "शेवटचं कधी छापलं होतं?" आमच्या फणसवाडीतले एक निवृत्त हेडक्लार्क छाती फुगवून म्हणाले होते, "गेल्या दिवाळीपासून हातसुद्धा लावलेला नाही!" प्रिंटरवर बायकोने विणलेलं झाकण, बटणांवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. "मॅडम, वापरलाच नाही, तर बिघडला कसा?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी सांगितलं, "वापरला नाहीत म्हणूनच बिघडला. ह्यातली शाई पातळ असते, बाहेर यायची भोकं अतिशय बारीक असतात. मशीन बसून राहिलं की शाई भोकांच्या तोंडाशी सुकते. आठवड्यातून एकदा काहीतरी रंगीत छापा. काही नसेल तर नातवाचा फोटो छापा." त्यावर ते म्हणाले, "नातवाचे फोटो आहेत की भरपूर!"

हिंदमाताजवळच्या एका घरी वेगळीच तऱ्हा. तिथला प्रिंटर झेरॉक्सही काढायचा, आणि प्रत्येक प्रतीवर एक काळा ठिपका यायचा. मुलाचं लग्न जमवणं चाललं होतं. पत्रिकेच्या प्रती ठिकठिकाणी गेल्या आणि एका मुलीकडच्या ज्योतिषांनी फोन करून विचारलं, "सप्तमात हा कोणता ग्रह म्हणायचा?" मी झाकण उघडलं तर काचेवर टिकली. घरच्या बाईंना आरशावर टिकली लावून ठेवायची सवय, काच दिसली की हात तिकडे जायचा. मी टिकली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "घ्या, मुलाचा मंगळ काढला."

हसण्यावारी सगळं खरं, पण माझ्या पिशवीत एक भिंग असतं. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. नवीन माणूस भेटला की मी त्याला ते देते आणि त्याच्याच घरातला एखादा छापलेला फोटो बघायला लावते. कुणाच्याही गालाकडे बघा. तिथे गालाचा रंग नसतोच! नुसते पिवळे ठिपके, गुलाबी ठिपके, मध्येच निळा, आणि मधे मोकळा कागद. माणसाच्या कातडीच्या रंगाची शाई कुठल्याच डबीत मिळत नाही. चार रंग, केसापेक्षा बारीक भोकं, आणि छापायचं डोकं घेऊन इकडून तिकडे धावणारी एक लहानशी गाडी. ती गाडी धावता धावता नेमक्या जागी थेंब टाकत जाते आणि भिंग बाजूला केलं की तुमची मावशी तुमच्याकडे बघून हसत असते. इतकी वर्षं झाली, पण भिंग काढताना मला अजून दर वेळी आश्चर्य वाटतं. देवाच्या गाभाऱ्यातही मला इतकं गप्प व्हायला होत नाही. नवरा म्हणतो, हिला वेड आहे. असू दे.

त्या आश्चर्यालाही मागे टाकणारी एक गोष्ट मी लालबागला बघितली. ती सांगायला बसले आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा दसरा नुकताच झाला होता. वृषाली घाडी नावाच्या मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे चाळिशीची, एका कंपनीत अकाउंट्सला. "मॅडम, प्रिंटर आवाज करतो आणि बंद पडतो. आजच याल का? आईचं काम अडलंय." मला वाटलं आई शिकवण्या घेत असेल. गेले.

घरात शिरले तेव्हा कळलं. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली. वर्षभरापूर्वी त्यांना झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. एके काळी ह्या काकींनी गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवली होती. पंगतीत कोणी भात टाकला तर त्याच्या सात पिढ्या निघायच्या, असं वृषाली म्हणाली. अशी बाई मुकी झाली.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं करायला सांगितलं होतं. हवं ते कार्ड काकींनी दाखवायचं. बाजारातली तयार कार्डं आणली, त्यात सफरचंद, विमान, सिंह. काकींनी ती खाटेखाली फेकली. मग वृषालीने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, त्यांचा स्वतःचा तांब्या, त्यांची शाल, पेजेचा टोप, देवघर, नवऱ्याचा चेहरा, आणि घरच्या प्रिंटरवर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. ही मात्र काकींनी उचलली. रोज काहीतरी नवीन लागायचं, रोज एखादं कार्ड छापलं जायचं. खोक्यात कार्डं साठत गेली, आणि घरात पुन्हा दोन बाजूंनी बोलणं सुरू झालं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काहीतरी वेगळंच सांगायचंय तिला," वृषाली म्हणाली. "दसऱ्याच्या आधीपासून जेवताना सोलकढीची वाटी बाजूला सारते. सोलकढीचं कार्ड दाखवलं तर मान हलवते, नाही म्हणून. मग कढी देणं बंद केलं, तर आणखी चिडली. कार्ड उचलून भिरकावलं, ते आमटीत पडलं, रंग सगळा फुटला. म्हटलं नवीन मोठं छापून देऊ, तर दसऱ्यापासून हा बंद. आता ती कार्डांना हातच लावत नाही. तोंड फिरवून पडून असते. काल दिवसभर धड जेवली नाही. काय हवंय तिला, ते कळतच नाही हो!"

दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. ते घाडीकाका.

"बाय, तू एकटीच इलंस? मेकॅनिक खय आसा?"

"मीच मेकॅनिक, काका."

"बरा बरा," म्हणून ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले.

प्रिंटर देवघराशेजारच्या टेबलावर होता. कपाळावर हळदीकुंकवाची बोटं, वर सुकलेली झेंडूची पाकळी. दसऱ्याला यंत्राची पूजा करतात, त्यात नवल नाही. मी पाकळी बाजूला करून बटण दाबलं. आतली गाडी निघाली, भरधाव उजवीकडे गेली आणि भिंतीवर आपटली. ठक्क! लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा सुरू केला, पुन्हा ठक्क. झाकण उघडलं तर शिवणयंत्राच्या तेलाचा वास. गाडी धावते ती दांडी चकचकीत, पट्टा चकचकीत, सगळं आतून न्हाऊमाखू घातल्यासारखं.

"ह्यात तेल कोणी घातलं?"

"तेल?" वृषाली म्हणाली. "नाही हो, कोणी कशाला घालेल?"

तेवढ्यात खाट करकरली. काकींनी भिंतीकडचं तोंड वळवलं होतं. डावा हात उचलून त्यांनी खिडकीकडे बोट केलं. सरळ नवऱ्याच्या पाठीवर.

"बाबा!" वृषाली ओरडली.

काका वळले. लपवायला जागाच राहिली नव्हती. "मीच घातलंय," ते म्हणाले. "दसऱ्याक साच्याक तेल नको? ह्यो पण साचोच मा?"

काका तरुणपणी इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. दसऱ्याला साचे बंद करून, पुसून, तेल देऊन, हार घालायचे. पुढे गिरणी बंद पडली, काकांनी नंतर वॉचमनपासून मिळेल ते सगळं केलं, पण दसऱ्याला घरातल्या यंत्राला तेल दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. शिवणयंत्र, पंखा, वाटणाचा मिक्सर. यंदा प्रिंटरवर जास्तच जीव होता. "तिचा बोलणा ह्येच्यातून येता," ते म्हणाले. "म्हणान नीट पुसलंय. आत एक पिलास्टिकची पट्टी आसा, तिच्यावर धूळ दिसली. तेलाच्या फडक्यान घासून काढलंय." मग खाली बघत म्हणाले, "माज्या हातान तिचा तोंड बंद झाला."

वृषालीने कपाळावर हात मारला. रागवावं की रडावं, ते तिला ठरवता येत नसावं.

ती पट्टी म्हणजे ह्या यंत्राचे डोळे. गाडीच्या मागे आडवी ताणलेली, पारदर्शक, बोटाएवढीही रुंद नाही. बघणाऱ्याला वाटतं, साधं प्लॅस्टिक. मी भिंग काकांच्या डोळ्याला लावलं आणि पट्टीच्या तेल न लागलेल्या टोकावर बॅटरीचा उजेड पाडला. "बघा."

ते खूप वेळ बघत राहिले. मग भिंग न काढताच म्हणाले, "फणी!"

"काय?"

"फणी गे बाय! साच्याची फणी. ताणो जाता ना घरांतसून, तशी. पण इतकी बारीक? इतकी बारीक फणी कोणी भरल्यान?"

मागातले उभे धागे जिच्या फटींतून जातात, ती फणी. पट्टीवरही तशाच उभ्या रेघा असतात, एकीला लागून एक, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. गाडी पळताना त्या मोजत जाते, म्हणजे आपण कागदाच्या कुठल्या टोकाला आहोत ते तिला कळतं. तेल लागलं की रेघा दिसेनाशा होतात, मग ती आंधळ्यासारखी भिंतीवर जाऊन आपटते. मी हे सांगत होते तेव्हा काका मान डोलावत होते. "मगे धोटो उडतलोच," ते म्हणाले. मागातला आडवा धागा नेणारा धोटा वाट चुकला की बाहेर उडतो आणि माणसाचा डोळा फोडतो, हे त्यांनी मला समजावलं. मी त्यांना माझी पट्टी दाखवली, त्यांनी मला त्यांचा माग दाखवला.

पण धाकधूक होती. काकांनी घासली ती आमच्यासारखी हलक्या हाताने नव्हे, गिरणीतल्या हाताने. मधल्या रेघा पुसल्या गेल्या असत्या तर खेळ संपला होता, त्या जुन्या मॉडेलची पट्टी बाजारात मिळत नाही. पट्टी सोडवली. एक टोक काकांनी धरलं, मऊ फडक्याला साबणाचं पाणी लावून मी एकाच दिशेने, श्वास धरून पुसत गेले. पुन्हा साध्या पाण्याने, पुन्हा कोरड्याने. भिंगातून पाहिलं. रेघा होत्या, सगळ्या होत्या! दांडीवरचं जास्तीचं तेल टिपलं, पट्टी लावली आणि बटण दाबलं. गाडी निघाली, हळू झाली, टोकापाशी थांबली, परत आली. काकांनी प्रिंटरला हात जोडले. खरं सांगते, मीही मनातल्या मनात जोडले.

"छाप," मी वृषालीला म्हटलं. तिने फोनवरून आईच्या हातच्या सोलकढीचा तोच जुना फोटो पाठवला. कागद बाहेर आला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. स्टीलची वाटी हिरवट, आणि वाटीत ताक. कढी पांढरीफटक.

गुलाबी शाई येत नव्हती. इतके दिवस गाडी जागेवर नीट बसलीच नव्हती, त्यामुळे भोकं उघडी राहून गुलाबीची तोंडं सुकली होती. निळा आला, पिवळा आला, काळा आला, आणि नेमका सोलकढीचा रंग आला नाही.

"संपली काय शाई?" काकांनी विचारलं.

"नाही, डबी भरलेली आहे. वाट बंद झालीय."

काका खाटेकडे बघत म्हणाले, "शाई आत आसा. पण भायर येणा नाय."

मी पिशवीत हात घातला. माझ्याकडे वाट मोकळी करायचं औषध आहे, पण ते प्रिंटरच्या डोक्याचं. टिश्यूची घडी कोमट पाण्याने भिजवली, गाडीच्या खाली सरकवली, गाडी तिच्यावर आणून ठेवली. आता थांबायचं. ह्या धंद्यात निम्मं काम म्हणजे थांबणं, आणि लोकांना तेच पैसे देण्यासारखं वाटत नाही.

थांबले होते म्हणून काकींपाशी जाऊन बसले. खोक्यातून काकांच्या चेहऱ्याचं कार्ड काढलं आणि भिंग त्यांच्या डाव्या हातात दिलं. आधी त्यांनी उलटंसुलटं केलं, मग डोळ्याला लावलं. एकदम स्थिर झाल्या. नवऱ्याचा गाल, नवऱ्याची मिशी, सगळे सुटे सुटे ठिपके. भिंग काढलं, कार्ड बघितलं, पुन्हा लावलं. मग तेच भिंग त्यांनी समोर उभ्या असलेल्या खऱ्या नवऱ्यावर रोखलं. काका उगाचच केस सारखे करायला लागले. वृषाली हसली. काकींचा डावा गालही थोडा हलला.

मग टिश्यू काढला, तो गुलाबी भिजला होता. पुन्हा छापलं. ह्या वेळी गुलाबी आला, पहिल्यांदा फिका, दुसऱ्या कागदावर पुरा. अगदी जिभेला पाणी सुटावं असा. वृषालीने तो आईसमोर धरला. "बघ आई, कढी! हवी ना?"

काकींनी मान हलवली. नाही.

घरात सगळा उत्साह जागच्या जागी थंड झाला. वृषालीने तो कागद खाली ठेवला, फुकट गेलेला पांढऱ्या कढीचा कागद उचलला आणि चुरगळणार, तोच काकींच्या तोंडून आवाज आला. शब्द नाही, नुसता आवाज, पण असा की आम्ही तिघंही वळलो. डावा हात पुढे आला होता. तो पांढरा कागद त्यांना हवा होता.

कागद हातात आल्यावर त्यांनी तो उंच धरला. कढीवर हनुवटी रोखली. मग स्वयंपाकघराकडे, मग काकांकडे. पुन्हा कढीकडे, पुन्हा काकांकडे.

मला काही कळेना. कळलं ते काकांना. तोंडाचा आ झाला. "माजी कढी?" ते म्हणाले. "माजी कढी अशी होता?"

काकींनी मान डोलावली. एकदा नव्हे, डोलावतच राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अर्ध्या चेहऱ्याने त्या हसत होत्या. वृषाली खाली बसली आणि खाटेवर डोकं टेकून हसत-रडत म्हणाली, "आई, एवढंच होतं? बाबांची कढी बेचव होते, एवढंच सांगायचं होतं?"

मी तो कागद बघत राहिले. त्यांच्या खोक्यात मागायला सगळं होतं, चहा, शाल, पाणी, देव. नावं ठेवायला काहीच नव्हतं. जिने आयुष्यभर पंगतीवर राज्य केलं, तिला आम्ही फक्त मागायची कार्डं दिली होती. आणि यंत्र नीट असताना जे छापून देऊ शकलं नाही, ते बिघडलं तेव्हा नेमकं छापून गेलं. असे वाया गेलेले कागद मी जन्मभर न बघता टोपलीत टाकले. त्यात काय काय गेलं असेल, कोण जाणे.

काका मात्र हसत नव्हते. "सोलां कमी घालतंय मी," ते हळूच म्हणाले. "डब्यात आसत ती तिच्या हातची. आजारी पडायच्या आधी, गावाक जावन सुकवल्यान. ती संपली तर?" म्हणून वर्षभर ते एक-दोन आमसुलांवर कढी भागवत होते. फणसवाडीतल्या हेडक्लार्कना मी हसले होते. इथे मला हसू आलं नाही.

काकींनी ते सगळं ऐकलं. त्यांनी कागद खाली केला नाही. तो पांढरा कागद नवऱ्याच्या तोंडासमोर तसाच धरून ठेवला. शेवटी काका आत गेले. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते ओंजळीत भांडं घेऊन, आणि त्यात मूठभर सोलां भिजत घातलेली. ते भांडं त्यांनी बायकोला दाखवलं. बोटाने पाणी ढवळलं, तसा लाल रंग सुटायला लागला. मगच काकींचा हात खाली आला.

त्या दिवशी मी तिथेच जेवले. कढी कशी होती हे मला विचारू नका, मी दोन वाट्या प्याले.

पुढे काही महिन्यांनी वृषालीचा फोन आला. मी विचारलं, पुन्हा बंद पडला का? "नाही मॅडम, मस्त चाललाय," ती म्हणाली. "पण ते पांढऱ्या कढीचं कार्ड वापरून वापरून फाटलं. आता फक्त कढीला नाही, टीव्हीवरच्या मालिकेला, शेजारच्यांना, माझ्या नवीन ड्रेसलासुद्धा तेच दाखवते. दुसरं हवंय. गुलाबी रंग बंद कसा करायचा?"

माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यात प्रिंटरवर चुकीचं कसं छापायचं हे विचारणारी ती एकटीच. मी म्हटलं, "सोपं आहे. पंधरा दिवस हात लावू नका, गुलाबी आपोआप जाईल."

"ते नाही जमणार," वृषाली म्हणाली. "आई एक दिवस त्याला गप्प बसू देत नाही."